कूलर, माठ, गच्ची, वाळवण: ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेचा हिशेब

कपडे वाळतात, तलाव आटतो, सारवलेली जमीन सुकते, स्पिरिट उडून जातं. मराठीत क्रियापदं चार, पण घडतं एकच. द्रवातले सगळे कण सारख्या वेगाने धावत नाहीत. त्यातले वेगवान कण पृष्ठभागावरून निसटून हवेत जातात आणि मागे मंद कण उरतात, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. यासाठी पाणी उकळावं लागत नाही, अगदी थंड पाणीही सतत उडतच असतं.

हा गारवा किती मोठा असतो ते आकड्यांतच कळतं. एक लिटर पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला साधारण ४२० किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर नुसतं वाफ होऊन उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल घेतं. ही उष्णता ते ज्याला चिकटलेलं असतं त्याच्याकडून घेतं, मग ती माठाची भिंत असो, कूलरमधून जाणारी हवा असो की घामेजलेली पाठ.

मात्र उडायला हवेत जागा हवी. एक घनमीटर हवेत २० अंशांना जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरमागे ४८ ग्रॅमच्या आसपास जागा रिकामी असते. जुलैत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की तीच जागा ९ ग्रॅमवर येते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, हुडहुडी भरवणारा कूलर पाऊस सुरू झाला की नुसता दमट वारा का फेकतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तेव्हा कूलर बिघडलेला नसतो, मिस्त्रीला बोलावून उपयोग नाही.

आधी हवा मोजा

एक कोरडा आणि एक ओला, असे दोन आकडे काढता आले की पुढचं सगळं सोपं होतं. प्रयोगशाळेत वापरतात तसे ५० अंशांपर्यंतचे दोन साधे थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याचा आवाकाच ३५ ते ४२ अंशांचा असतो. दोन्ही थर्मामीटर दहा मिनिटं शेजारी ठेवून त्यांच्यात मुळात किती फरक आहे ते लिहून ठेवा. अर्धा-एक अंशाचा फरक असतोच.

आता जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा १० सेंटिमीटर लांब पट्टा घ्या. कापड नवं असेल तर आधी उकळून त्याची खळ काढा, कारण खळ असलेलं कापड पाणी वर ओढत नाही. एका थर्मामीटरच्या फुग्याभोवती पट्ट्याचा दीड वेढा घाला, दोऱ्याने बांधा आणि शेपूट फिल्टरच्या पाण्याच्या वाटीत सोडा. कूलर जिथली हवा ओढतो तिथे, म्हणजे खिडकीबाहेर सावलीत, दोन्ही थर्मामीटर टांगा आणि त्यांच्यावर टेबलफॅन सोडा. तीन-चार मिनिटांत ओला पारा उतरून एका जागी थांबेल. पंखा चालू असतानाच आकडा वाचायचा. पंखा बंद करून वाचला, फुग्यावर ऊन पडलं किंवा पट्टा मळलेला असला की ओला आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

मेमधल्या त्या दुपारी कोरडा ४२ आणि ओला २२ च्या जवळपास येईल. जुलैच्या त्या दिवशी ३३ आणि २९. पाणी उडवून कोणतीही वस्तू गार करा, ती ओल्या आकड्याच्या खाली जात नाही. माठ असो की हजारो रुपयांचा कूलर, दोघांचा तळ तोच. दोन आकड्यांत १५ अंशांहून जास्त फरक असेल तर कूलर मस्त चालेल. ८ ते १५ मध्ये बरा चालेल. फरक ५ च्या खाली गेला की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा.

कूलर

चांगल्या स्थितीतला कूलर या फरकाचा ७० ते ८० टक्के हिस्सा काढून घेतो. ४२ आणि २२ मध्ये फरक २० चा, म्हणजे जाळीतून येणारी हवा २६ ते २८ अंशांची असायला हवी. कोरडा थर्मामीटर कूलरच्या तोंडाशी धरून बघा. ३१-३२ दाखवत असेल तर दोष हवेत नाही, कूलरमध्ये आहे, आणि दहापैकी आठ वेळा तो घासेत असतो.

घास म्हणजे लाकूड तासून काढलेल्या लांब, बारीक बटा, बाजारात हाच शब्द चालतो. ओली झाली की ती स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि वरच्या कडेला चार बोटांची फट पडते. हवा आळशी असते, जिथे अडथळा नाही तिथूनच घुसते, त्यामुळे त्या फटीतून ४२ अंशांची लू, म्हणजे बाहेरचा तापलेला वारा, थेट खोलीत येते. घास भरताना वरच्या काठाला थोडी जास्त कोंबा आणि मधे दोन आडव्या तारा किंवा सुतळ्या बांधा. आठवड्याने पुन्हा तपासा. उलट टोकाची चूक म्हणजे घास ठासून भरणं. मग पंखा घरघरतो पण हवा येत नाही. पॅनेल उजेडासमोर धरलं की उजेड सगळीकडे सारखा झिरपताना दिसला पाहिजे, कुठे भगदाड नको आणि कुठे काळोखही नको. घास दर हंगामाला नवी घालावी.

खस म्हणजे आपला वाळा. त्याचा सुवास खराच, पण घासेपेक्षा तो जास्त गार करतो हा समज आहे. नाकाला गार वाटतं, थर्मामीटरला वाटत नाही. हनीकोंबची जाड पॅडं पाच-सहा हंगाम टिकतात आणि खाली बसत नाहीत, पण जड पाण्यावर चालवली तर त्यांची भोकं क्षाराने बुजतात.

पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं दाभणाने मोकळी करा. पॅनेलवर जो उभा पट्टा कोरडा दिसेल त्याच्या बरोबर वरचं भोक बंद असतं. पंखा लावण्याआधी पाच-सात मिनिटं नुसता पंप चालवा म्हणजे घास पूर्ण भिजेल. खोलीत थेंब उडत असतील तर पाणी जास्त झालंय, नळीवरचा चाप थोडा आवळा. उडालेला थेंब गादी भिजवतो, हवा गार करत नाही.

हवा बाहेर जायला वाट ठेवा. यावरूनच घरोघरी भांडणं होतात, कारण "गार हवा बाहेर कशाला घालवायची" हे ऐकायला पटतं. पण कूलरची हवा येताना वाफ घेऊन येते. ती बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीचा ओला आणि कोरडा आकडा एकमेकांजवळ येतो, घाम वाळेनासा होतो आणि अंग चिकचिकतं. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा असते. ती दर दोन मिनिटांनी बदलावी, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट, तासाला सुमारे १,००० घनमीटर. त्यासाठी कूलरच्या समोरच्या बाजूला एक ते सव्वा चौरस फूट उघडी जागा पुरते. खिडकी वीतभर उघडली तरी काम होतं. उघड्या फटीशी उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. आत वळत असेल तर कूलर बाहेरची नाही, खोलीतलीच हवा फिरवतोय.

एवढी हवा १४ अंशांनी गार करायला तासाला साडेसहा लिटर पाणी खर्च होतं. टाकी दोन फूट बाय दोन फूट असेल तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. टाकीच्या आत पट्टी चिकटवून एक तास मोजा. पावणेदोन सेंटिमीटर उतरायच्या ऐवजी एकच उतरली तर पाणी उडत नाहीये, म्हणजे घास किंवा हवा यांत कुठेतरी खोट आहे.

बर्फ घालायचा मोह टाळा. एक किलो बर्फ वितळून २२ अंशांपर्यंत येताना सव्वाचारशे किलोज्यूल उष्णता घेतो आणि कूलर तासाला पंधरा हजारांवर घेत असतो. एक किलो बर्फाचा हिस्सा तीन टक्केही होत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं कढत पाणी भरलं तरीही घाबरायचं कारण नाही, फिरून फिरून ते १५-२० मिनिटांत आपणच ओल्या आकड्याजवळ येतं.

पाणी उडतं पण त्यातले क्षार उडत नाहीत. बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. रोज १२ तासांत ७८ लिटर पाणी उडालं की २३ ग्रॅम क्षार मागे राहतात आणि महिन्याला तेच ७०० ग्रॅम होतात, ते सगळे घास, पंप आणि टाकीत. म्हणून वरून नुसतं पाणी भरत राहू नका, तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. पंपाच्या पंख्यावर पांढरा थर बसला असेल तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा आणि पंप त्यात तासभर बुडवून ठेवा, अर्थात प्लग काढून.

आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतल्या बाजू घासाव्या लागतात. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाला, ओल्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती सुकूनही महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी आलं की साधारण सात ते दहा दिवसांत त्यांचे डास होतात. काथ्याने घासा, पुसा, एक दुपार वाळू द्या. सप्टेंबरमध्ये कूलर बाजूला ठेवतानाही हेच करायचं.

पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांचा मेळ जीवघेणा ठरू शकतो. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेली अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पाणी भरताना प्लग काढायचा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी न्यूट्रलवर बसवलेला असतो.

ग्वाल्हेर आहे, म्हणून एक जोडपत्र: तबला कूलरच्या झोतात ठेवू नका. चामडं दमट हवा शोषतं, सैल पडतं आणि सूर उतरतो.

माठ

नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा, ते पाणी झाडांना घालावं आणि मग पिण्याचं भरावं. भरल्यावर दोन-तीन तासांनी बाहेरून हात लावा. भिंत सगळीकडे दमट लागली तर माठ चांगला. पाणी थेंब थेंब गळत असेल तर तो फार सच्छिद्र आहे, कारण गळून गेलेलं पाणी काहीच गारवा देत नाही, उडून गेलेलंच देतं. आणि बाहेरून कोरडा राहिला तर तो नुसता घडा. रंगवलेले, चकचकीत माठ दिसायला छान असतात, पण रंगाने छिद्रं बुजलेली असतात.

दहा लिटर पाणी ३२ वरून २४ अंशांवर आणायला दीडशे मिलिलिटरही उडावं लागत नाही. बाकीचं दिवसभर उडतं ते बाहेरून झिरपणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यात जातं. म्हणून जागा महत्त्वाची: सावली हवी आणि वाराही हवा. तिपाईवर ठेवलात तर तळालाही हवा लागते. गॅसच्या ओट्याजवळ ठेवलेला माठ दोन्हीकडून हरतो, तिथे उष्णता जास्त आणि भातावरच्या वाफेने हवाही दमट. भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं तर ते सतत ओलं राहिलं पाहिजे. वाळलेलं गोणपाट उलट पांघरुणाचं काम करतं.

दीड-दोन महिन्यांनी माठ गार करेनासा होतो, कारण क्षार छिद्रांत साचतात. बाहेर पांढरी बुरशीसारखी खूण दिसते ती तीच. कोरड्या काथ्याने खरवडा, लिंबाच्या पाण्याने पुसा, थोडा फरक पडेल. साबण अजिबात लावू नका, तो छिद्रांत शिरतो आणि पाण्याला वास येतो. जड पाणी असेल त्या घरी दर उन्हाळ्याला नवा माठ घेणंच शहाणपणाचं.

पटियाची गच्ची

फालका बाजार, 'चिटणीस की गोठ' या जुन्या वस्त्यांत दगडी पटियांची, म्हणजे सपाट लाद्यांची, छतं अजून आहेत. दिवसभर तापलेला दगड रात्री दोन वाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. १० सेंटिमीटर जाडीच्या पटियाच्या एका चौरस मीटरला एक अंशाने गार करायला सुमारे २०० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे तिथे एक लिटर पाणी पुरतं उडालं तर हिशेबाने १२ अंशांची उतार मिळते. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण काही उष्णता हवेतून घेतली जाते.

इथे चूक होते ती बादल्या ओतण्याची. ओतलेलं पाणी पन्हाळीतून गल्लीत जातं आणि सोबत फक्त स्वतः तापण्यापुरती उष्णता नेतं. सूर्य कलल्यावर झारीने चौरस मीटरला पाव-अर्धा लिटर शिंपडा, वाळू द्या, अर्ध्या तासाने पुन्हा शिंपडा. असं दोन-तीनदा केलं की झालं. सांधे उघडे असतील तर आधी बुजवा, नाहीतर गारवा थेंबांनी अंथरुणावर येईल.

वाळवण

वाळवणाला ऊन लागतं असं सगळे म्हणतात. ग्वाल्हेरात ऊन कधीच कमी पडत नाही, इथे ते जास्त पडतं. कुरडई, सांडगा, साबुदाण्याची चकली यांच्या पृष्ठभागावरून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने आतलं पाणी बाहेर येत नाही. दुपारच्या लूमध्ये घातलेल्या कुरडईचा वरचा थर तासाभरात कडक होतो, आत ओल कोंडते आणि कडा उचलून तडकतात. वरून खणखणीत दिसणाऱ्या कुरडईला ऑगस्टमध्ये डब्यात बुरशी लागते ती यामुळे.

पहाटे साडेसहाला घालायला घ्या आणि नऊच्या आत आटपा. वर धोतराचं पातळ पान पसरून कडेला वजनं ठेवा. त्याने वारा मंदावतो आणि आंधी आली तर धूळही अडते. पहिल्या दिवशी अकरा ते चार ताटं सावलीत घ्या. संध्याकाळी खालची बाजू प्लास्टिक सोडू लागली की उलटा, ओढून काढू नका. दुसऱ्या दिवसापासून भर उन्हात ठेवलं तरी चालतं. सांडगे जाड, त्यांना चार-पाच दिवस द्या. बटाट्याचा कीस पातळ, तो एका दिवसात होतो.

वाळलं की नाही हे मोडून कळत नाही, वरचा थर मोडतोच. चार नग काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून धुकं धरलं तर अजून एक दिवस वाळवा. डब्यात भरण्याआधी सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलं की आतली वाफ झाकणाला जमते आणि थेंब होऊन परत त्याच कुरडयांवर पडते.

पावसात कपडे

मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी असतं. वर सांगितलेल्या १० बाय १२ च्या खोलीत, २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना, सगळ्या हवेत मिळून १८५ ग्रॅम वाफेचीच जागा उरते. दार-खिडकी बंद करून पंखा लावला तर तो तीच भरलेली हवा फिरवत बसतो. अडीच लिटर काढायला खोलीतली हवा तेरा-चौदा वेळा तरी बदलली पाहिजे. म्हणून खिडकी किंचित उघडी, एक्झॉस्ट चालू, पंख्याचा झोत कपड्यांना समांतर आणि दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर. आधी आणखी एकदा पिळणं सगळ्यात स्वस्त, कारण पिळून गेलेल्या पाण्याला २,४०० किलोज्यूल द्यावे लागत नाहीत.

अंगावर

स्पिरिट पाण्यापेक्षा जास्त गार लागतं, पण ते किलोमागे पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता नेतं. फक्त झटपट उडतं म्हणून झोंबतं. लहान मुलाच्या तापात स्पिरिटने अंग पुसू नये, त्याची वाफ श्वासातून आणि कातडीतून आत जाते. कोमट पाण्याचं फडकं पुरतं. लूमध्ये बाहेर पडताना डोक्याला ओला पंचा बांधला तर तो वाळेपर्यंतच काम करतो, तेव्हा सोबत पाण्याची बाटली पिण्यासाठी आणि पंच्यासाठी, दोन्ही हिशेबांनी घ्या.

थर्मामीटर नसतील तर स्वयंपाकघरातली मिठाची वाटी उघडी ठेवा. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि बाजारातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच पाझरू लागतं. ज्या सकाळी मीठ चमच्याला चिकटेल त्या दिवशी कूलरचा पंप बंद करा, टाकी घासायला काढा आणि कुरडयांचे डबे उन्हाची तिरीप दिसेपर्यंत उघडू नका.